चाकूची मूठ आणि माझी मूठ

सासऱ्यांनी दिलेल्या चाकूला जरा बरी मूठ करायची, एवढंच मी ठरवलं होतं.

घडीचा, खिशात मावणारा चाकू. सासरे कारखान्यात टर्नर होते आणि तीस वर्षं तो त्यांच्या खिशात होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो मला दिला. म्हणाले, "जावईबापू, वापरा." (लगेच बायकोकडे बघून "लक्ष ठेव" असंही म्हणाले, पण ते मी मनावर घेतलं नाही.) मी ऑफिसात त्याने टपाल फोडू लागलो. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी आमच्या हेडक्लार्कांनी आपला चाकू काढला. निळीशार मूठ, त्यात पितळी टिकल्या आणि चार बोटांना चार खाचा. त्यांनी एक लिफाफा फोडला आणि अख्खा सेक्शन बघत राहिला. आत माझ्याच नावाचा मेमो होता, पण लिफाफा काय सुरेख फाटला होता.

माझ्या चाकूची मूठ म्हणजे झिजून गुळगुळीत झालेलं लाकूड. ना रूप, ना पकड.

शनिवारी सुट्टी होती. मी दोन व्हिडिओ पाहिले. (एक पूर्ण, दुसरा जाहिरात लागेपर्यंत.) काम सोपं होतं. नळ गळायला लागला की लावतात ती पुट्टी मळायची, मुठीवर थापायची आणि हातात घट्ट धरून बसायचं. बोटांच्या खाचा आपोआप पडतात. रंगाचं नंतर बघता येतं. तोल नीट कळावा म्हणून मी पातं उघडंच ठेवलं.

"हाताला तेल लावायला नाही सांगितलं त्यात?" शाळेचे पेपर तपासता तपासता बायकोने विचारलं.

"तेलाने पकड सैल येते," मी म्हणालो. हे मी कुठेही वाचलेलं नव्हतं.

अर्ध्या तासाने मी मूठ उघडायला गेलो. उघडेना. पुट्टी बोटांच्या फटींतून वर येऊन दगडासारखी झाली होती.

"ठेवा आता तो खाली," बायको म्हणाली.

"मी केव्हाच सोडलाय. तोच मला सोडत नाहीये."

तिने लाल पेन बाजूला ठेवलं. गरम पाणी झालं, साबण झाला. मग तिने घड्याळाकडे पाहिलं. "पाच वाजता बाबा येतायत."

चार वाजले होते.

"कोपऱ्यावरच्या प्लंबरकडे जा. पुट्टी हा त्याचाच विषय आहे."

"असा जाऊ?"

"मग काय, हात घरी ठेवून जाणार?"

तिने हातावर टॉवेल गुंडाळला. तो पहिल्याच मजल्यावर गळून पडला, आणि नेमके तिथे सोसायटीचे चेअरमन भेटले. आठ महिने माझ्या स्कूटरच्या जागेवरून आमचं वाजत होतं. मी सवयीने हात वर करून नमस्कार केला. ते भिंतीला टेकले.

"तुमच्या जागेचं मी बघितलं," ते म्हणाले. "तुमचंच बरोबर आहे."

"तसं काही घाईचं नाही."

"नाही, घाईचंच आहे," असं म्हणत ते आले तसे वर गेले. पाठ न दाखवता.

प्लंबरच्या दुकानात माझ्या आधी तिघं होते. तिघांनीही मला पुढे व्हायला सांगितलं. प्लंबरने मान वर न करता विचारलं, "कुठे गळतंय?" मी हात पुढे केला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि कौतुकाने म्हणाला, "जॉइंट मस्त बसलाय." मग तेल सोडत, छोट्या छिन्नीने एकेक टवका काढत त्याने पाऊण तासात मला मोकळं केलं. बोटांवरचे केस त्याच्याकडेच राहिले. चाकूच्या अंगावर मात्र निम्मी पुट्टी तशीच होती आणि पातं सांध्यात अडकलं होतं.

घरी आलो तर सासरे आलेले. वाटेत मी दोन थापा जुळवून ठेवल्या होत्या, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि एकही आठवेना.

"बाबा, तुमचा चाकू मी बिघडवला," मी म्हणालो.

त्यांनी तो हातात घेतला. बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला. मला तेवढ्या वेळात हेडक्लार्क, व्हिडिओवाला आणि मी स्वतः, तिघांचाही राग आला.

"घरात कानस आहे का?" त्यांनी विचारलं.

मग ते बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून बसले. दोन तास घासत होते, फुंकर मारून बघत होते, पुन्हा घासत होते. चहा गार झाला. मूठ पूर्वीसारखी झाली. "सांध्याचं काम राहिलंय. उद्या दहाला येतो," म्हणाले आणि ताठ चालत गेले.

दार लागल्यावर मी बोलणी खायच्या तयारीने बसलो. पण बायकोचे डोळे भरून आले होते.

"ते शीळ घालत होते, ऐकलंत? निवृत्त झाल्यापासून नुसते खिडकीशी बसून असतात."

"म्हणजे माझ्या हातून काहीतरी चांगलं झालं म्हणायचं," मी जरा सावरून बसलो.

आत जाऊन तिने मिक्सर आणि भिंतीवरचं घड्याळ आणून माझ्यापुढे ठेवलं.

"उद्या बाबा यायच्या आत एवढं दुरुस्त करून ठेवा."

"अगं, पण दोन्ही व्यवस्थित चालतायत."

"म्हणून तर तुम्हाला देतेय."