जोहेकरांनी होडी वर काढली

"मामी, तुम्ही निवांत बाजाराला जा. होडी वर गेली असं समजा!" असं सासूला फोनवर सांगून काळुरामने पोह्यांची बशी पुढे ओढली.

पेणजवळच्या जोह्यात काळुरामचा गणपतींचा कारखाना. वीस वर्षांत त्याने नऊ-नऊ फुटांचे गणपती टेम्पोत चढवले, उतरवले, पण एकाची करंगळी कधी दुखावली नाही. कामगारांच्या करंगळ्यांबद्दल तो बोलत नसे. असल्या माणसाला एक होडी खाडीकाठावरून पन्नास पावलं वर न्यायची म्हणजे काय? हातचा मळ!

प्रसंग असा होता. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, म्हणजे आज पौर्णिमा, म्हणजे दुपारी एकला उधाणाची भरती. सासरे विठू बांधावरून घसरल्यामुळे त्यांचा पाय प्लास्टरमध्ये. सासरच्या गावातली धडधाकट माणसं कंपनीत शिफ्टला. आणि होडी खाली चिखलात, बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, दगडी उघडीच्या शेजारी. उधाण आलं की ती दगडांवर आपटून तिच्या फळ्या होणार, हे नक्की. त्या होडीवर विठूंची मासळी आणि सासूबाई गिरजाबाईंचा बाजार चालायचा.

"मी पेणवरनं येईस्तोवर होडी वर पायजे," गिरजाबाई म्हणाल्या होत्या. "नायतर जावय असून काय उपयोग?"

हा प्रश्न सासरी लग्नापासूनच चर्चेत होता. मातीचे गणपती करणाऱ्याला पाण्यातलं काय कळणार, असं विठूंचं स्पष्ट मत होतं. आज ते मत कायमचं पुसून टाकायचं, या निर्धाराने काळुराम आठ कारागीर टेम्पोत घालून साडेदहाला खाडीवर हजर झाला.

विठू बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत पाय लांब करून बसले होते.

"या जावयबापू. ते वंडके, ती गोल लाकडं, खाली टाका, दोरी बांधा आन् वडा. बस्स. फकस्त वडा."

आठही कारागिरांचे चेहरे पडले. शिवा त्यांच्यातला सगळ्यात जुना. चाळीस वर्षं मूर्ती उचलून त्याची छाती कपाटासारखी झाली होती.

"ओढायची?" तो म्हणाला. "मामा, ओढली की टवका उडतो. आम्ही ओढत नाय. उचलतो."

"अरे, होडी हाय ती! तिला कसला टवका?"

पण प्रवीण तोवर होडीच्या नाकाशी उकिडवा बसला होता. प्रवीण कारखान्यात मूर्तींचे चेहरे रंगवायचा, त्यामुळे त्याला कुठेही नाक दिसलं की तो थांबायचा. "इथं ऑलरेडी उडालाय," तो दुःखाने म्हणाला. "परत रंग मारायला पायजे."

काळुरामने हुकूम सोडला. टेम्पोतून फोम आला, जुन्या साड्या आल्या, प्लास्टिक आलं. होडी नखशिखान्त गुंडाळली गेली. नाकावर प्रवीणने स्वतःचा धुतलेला रुमाल बांधला. मूर्ती नेताना तोंड झाकलेलं असावं, ही पद्धत.

"माझी होडी हाय का नवरी?" विठू म्हणाले. "बारा वाजत आले! पानी बघा!"

पाणी खरंच चढत होतं.

आठ जण होडीला भिडले. शिवा "एक, दोन, तीन" म्हणाला. होडी हलली नाही. पुन्हा म्हणाला. चौघांनी दोनला उचललं, चौघांनी तीनला, आणि एक जण चिखलात बसला.

"हैसा म्हना, हैसा!" विठू वरून ओरडले.

त्यांनी म्हणून पाहिलं, पण लाजत लाजत, आणि लाजून होडी उचलली जात नाही. शेवटी शिवाने डोळे मिटले, कालच बसलेला घसा खाकरला आणि जन्मभर जे ओरडत आला तेच ओरडला.

"गणपती बाप्पा..."

"मोरया!"

होडी फुलासारखी वर आली!

विठूंच्या तोंडातली बिडी पडली. काळुराम होडीपुढे उलटा चालत, दोन्ही हात पसरून "सांभाळून... डावीकडं दगड... सांभाळून" करत राहिला. कालच्या विसर्जनाची झेंडूची फुलं भरतीने जिथे आणून टाकली होती, ती रेघ ओलांडून होडी वर गेली आणि बांधाखालच्या कोरड्या वाळूवर अलगद टेकली. पन्नास पावलं, एक टवका नाही.

विठूंनी दुसरी बिडी पेटवली. मग म्हणाले, "झाक!"

वीस वर्षांत सासऱ्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. काळुरामचे डोळे भरून आले. काम इथेच संपलं होतं. सगळ्यांनी टेम्पोत बसून जोह्याला जायला हरकत नव्हती.

पण विठू पुढे म्हणाले, "आता तेवढं नाक खाडीकडं करून ठेवा. परत पान्यात घालाय सोपी."

इकडे "मोरया" गावात पोचला होता. पारी आणि संध्या या शेजारणी बांधावर आल्या. पारीच्या हातात आरतीचं ताट होतं.

"कोनाचा गो ह्यो गनपती?"

"विठूदादाचा दिसतो."

"त्यांचा तर दीड दिसाचा व्हता. कवाच गेला."

"मग नवसाचा आसंल. बग ना, तोंड झाकलंय."

कुणाच्या नवसाबद्दल चौकशी करणं बरं दिसत नाही. पारीने निरांजन पेटवलं. तिच्या मागून आणखी दहा-बारा म्हातारी माणसं आणि पोरं आली, एकाच्या गळ्यात ढोलकी होती. आणि कारागिरांनी जेव्हा "मोरया" म्हणून होडी पुन्हा उचलली आणि तिचं नाक फिरवलं, तेव्हा ढोलकी वाजली आणि आरती सुरू झाली.

काहीतरी चुकतंय असं काळुरामला वाटलं. पण चालू आरती मध्येच थांबवणारा माणूस जोह्यात जन्माला यायचा आहे. त्याने टाळ्या वाजवल्या.

आरती संपली. पारीने हळदकुंकू वाहिलं. प्रवीणने नाकावरचा रुमाल हळूच काढला. कुणीतरी मागून ओरडलं, "पुढच्या वर्षी..."

"लवकर या!"

आता खांद्यावर ओझं, समोर पाणी, मागे ढोलकी आणि कानात हे शब्द, असं असताना जोह्याच्या माणसाचे पाय कुठे जातील? ते गेले. आठ जण, सोळा पाय, एका तालात. काळुराम पुढे उलटा चालत, "सांभाळून... सांभाळून" म्हणत. पाणी त्याच्या पोटऱ्यांना लागलं. मग गुडघ्यांना. कमरेला लागलं तेव्हाही तो म्हणाला, "हां, इथं ठीक आहे."

एक डुबकी. दुसरी डुबकी. तिसऱ्या डुबकीला होडी काठोकाठ भरली, बुडबुडे आले आणि ती शांतपणे दिसेनाशी झाली. आठही जणांनी हात जोडले.

मग शिवा म्हणाला, "शेठ, होडी होती ना?"

काळुरामने वाकून पाण्यातला मूठभर चिखल घेतला. विसर्जनाहून रिकाम्या हाताने परतायचं नसतं. दुसरं काही त्याला सुचत नव्हतं. तो चिखल घेऊन तो निथळत सासऱ्यांसमोर उभा राहिला.

"मामा, चुकलं."

आता वीस वर्षांचं साठलेलं बाहेर येणार, म्हणून त्याने मान खाली घातली. मग त्याने हळूच वर पाहिलं. विठू खुर्ची सोडून एका पायावर उभे होते, हात जोडलेले, डोळे ओले. "लवकर या" मध्ये त्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता, हे त्यांना आत्ता कळत होतं.

विठू परत खुर्चीत टेकले.

"लाकूड हाय," विठू शेवटी खालच्या आवाजात म्हणाले. "इरघळत नाय. चिखलात रुतलीय, कुठं जात नाय. वहोटीला उघडी पडंल, चिखल उपसू. पन तुमच्या मामीला सांगू नका."

"काय सांगायचं मग?"

"उधान लय मोठं व्हतं. तुमी लय वडली, पन गेली."

"तुम्ही साक्षीला?"

"मी साक्षीला, जावयबापू."

काळुरामला वाटलं, होडी बुडाली तर बुडाली, सासरा मिळाला. तेवढ्यात बांधावर रिक्षा थांबली आणि रिकामी टोपली घेऊन गिरजाबाई उतरल्या.

"होडी कुठं हाय?"

"काय सांगू गो," विठू कपाळाला हात लावून म्हणाले, "ह्ये असं डोंगरायेवढं उधान! जावयबापूंनी जिवाची बाजी लावली, पन..."

"मामी, हातातनं निसटली," काळुराम म्हणाला.

गिरजाबाईंचा चेहरा खरंच उतरला. त्यांनी जावयाच्या भिजलेल्या शर्टाकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "जाऊ दे. तुमी वाचलात, बास झालं."

इतक्यात पारी ताट घेऊन आली आणि तिने गिरजाबाईंच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"घे गो गिरजे, तुज्या होडीचा परसाद. लय छान पोचवली बग तुज्या मानसांनी. तीन डुबक्या दिल्या!"