थॉर यांची जयंती

१९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष असल्यामुळे बालकांसाठी काहीतरी करणं जिल्ह्याला भाग होतं. बालकांना काय हवं हे विचारणारा वेगळा विभाग नव्हता. म्हणून वरच्या ऑफिसात बैठक झाली आणि आपल्या बालकांना परदेशच्या देवांची ओळखच नाही, ही गंभीर बाब तीत उघडकीस आली. तालुकावार चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. कुणाला ग्रीस निघाला, कुणाला इजिप्त. साकोली तालुक्याच्या वाट्याला उत्तर युरोपातले नॉर्स लोक आले.

सानगडीच्या पुढे एका तलावाच्या मातीच्या पाळीला लागून चार खोल्यांची शाळा होती. चौथीचा वर्ग गोदावरीबाई लांजेवारांकडे होता. बाईंचं काम चोख होतं, फक्त त्यांना गोष्टी सांगायची खोड होती. त्यांच्या वर्गातून हसण्याचा आवाज येई आणि शाळेत हसण्याची नोंद कुठल्या रजिस्टरात करायची, हे मुख्याध्यापक यादोराव कापगत्यांना ठरवता येत नसे.

परिपत्रक आलं ते नोव्हेंबरात. 'प्रत्येक शाळेने बालकांना नर्स देव-देवींचा परिचय करून द्यावा व अनुपालन अहवाल आठ दिवसांत सादर करावा.' यादोरावांनी ते तीनदा वाचलं.

"बाई, नर्स म्हटलं म्हणजे टोचाचं काम आलं. अन् देवी म्हणजे देवीची लस. साफ लिहून आहे."

"पन सर, देव बी लिहून आहेत नं जी."

"देवी पोरींले, देव पोराईले. दोन लशी असतीन."

आरोग्य केंद्रातून सुमनबाई नर्स आल्या. त्यांची पेटी दिसताच अर्धा वर्ग खिडकीतून तलावाकडे गेला. सुमनबाई म्हणाल्या, "सर, देवी तं देशातून गेल्या. आता कोनाले काय टोचू?"

"परिपत्रक आलं म्हणजे वापस आल्या असतीन," यादोराव म्हणाले. सुमनबाईंनी काहीही न टोचता चहा घेतला आणि त्या गेल्या. अहवाल रवाना झाला: 'परिचय करून दिला. पलायन केलेली बालके एकोणीस.'

तीन आठवड्यांनी शुद्धिपत्रक आलं. 'नर्स' ऐवजी 'नॉर्स' वाचावे. सोबत चार सायक्लोस्टाइल पानं होती. गोदावरीबाईंनी ती मधल्या सुट्टीत वाचायला घेतली आणि डबा उघडायचाच विसरल्या. सुट्टी संपल्यावर त्यांनी गणिताचं पुस्तक मिटलं.

ओडिन नावाच्या देवाने शहाणपणाच्या विहिरीतलं घोटभर पाणी पिण्यासाठी आपला एक डोळा काढून दिला, हे ऐकून अर्ध्या वर्गाने एक डोळा झाकून पाहिला. थॉर नावाचा दुसरा देव हातोडा फेकतो, तेव्हा आभाळ गडगडतं, हे सगळ्यांना लगेच पटलं. थॉर आपल्या गाडीचे दोन बोकड रात्री कापून खातो, हाडं कातड्यावर नीट मांडून ठेवतो आणि सकाळी बोकड उठून उभे राहतात, हे ऐकल्यावर मात्र दादाजी मेश्रामांची कुंती उभीच राहिली.

"बाई, असे बोकड कोन्या बाजारात भेटते?"

"भेटत नाही. अन् एकदा एका पोट्ट्यानं मटन खाता खाता नळी फोडली, तं सकाळी तो बोकड लंगडत उठला."

"आमच्या घरी तं सगळेच नळ्या फोडते," कुंती हळहळली.

पण सगळ्यांत आवडली ती लुगड्याची गोष्ट. एका राक्षसाने थॉरचा हातोडा चोरला आणि तुमच्यातली देवी बायको म्हणून द्या, तरच तो परत करीन म्हणाला. मग थॉर स्वतःच नवरी बनून, दाढीवर पदर ओढून मांडवात गेला. पंगतीत नवरीने अख्खा बैल खाल्ला, असं पानावर होतं. बाईंनी स्वतःच्या अधिकारात त्याचा एक गंज, म्हणजे मोठं पातेलंभर, भात केला. राक्षस चमकला, तेव्हा करवली बनून आलेला लोकी नावाचा लबाड देव म्हणाला, "तुमच्या ओढीनं पोरगी आठ दिवसांची उपाशी आहे जी." राक्षस विरघळला, त्याने हातोडा नवरीच्या ओटीत घातला आणि मग मांडवात जे झालं ते पोरं बाकांवर चढून करून दाखवत.

धानकापणीचे दिवस होते. या दिवसांत पोरं कापलेल्या बांध्यांत गळालेल्या लोंब्यांचा सरवा वेचायला जात आणि वर्गात सातआठ उरत. त्या वर्षी एकही गैरहजर नव्हतं. यादोरावांनी धास्तावून हजेरी दोनदा घेतली.

खरं संकट अहवालातून आलं. 'परिचय करून दिलेल्या देवांची नावे' या रकान्यात बाईंनी स्वच्छ अक्षरात 'थॉर' लिहिलं. नर्स प्रकरणापासून वरचं ऑफिस शुद्धलेखनाच्या बाबतीत दक्ष झालं होतं. थॉर असा शब्द मराठीत नाही हे तिथल्या बाबूने ओळखलं आणि लाल शाईने 'थोर' केलं. पुढच्या टेबलावर तो कागद थोर पुरुषांच्या फाइलीत गेला. त्याच्या पुढच्या टेबलावरून पत्र निघालं: 'सदर थोर पुरुषाची जयंती साजरी होत नसल्याचे दिसून येते. जन्मतारीख तात्काळ कळवावी.'

"कळवा, सर, का तो देव आहे," बाई म्हणाल्या. "त्याले तारीख नाही."

"तारीख नाही असं कळवता येते का बाई? तुमच्या वर्गातल्या किती पोराईच्या तारखा मायबापाले माहीत होत्या? सगळ्यांची एक जुलै टाकली, का नाही?" आणि यादोरावांनी थॉरची एक जुलै टाकली.

बालवर्ष डिसेंबरात संपलं. पत्रव्यवहार चालू राहिला. जयंतीला तसबीर लागते, म्हणून सानगडीच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून एक करून घेतली. बाईंच्या सांगण्यावरून त्याने लालभडक दाढी, फुगलेले दंड आणि हातात हातोडा काढला. तपासणीला विस्तार अधिकारी भोजराज रहांगडाले आले.

"हातोडा काहून? ते एका पक्षाची निशाणी होते. मले जिल्ह्याले उत्तर द्या लागते. पुस्तक द्या हातात. अन् दाढी लाल नको, पांढरी करा. लाल दाढीचा थोर पुरुष पायला का कधी?"

"साहेब, हातोडा काढला तं त्याच्यात काय उरते जी?" बाईंनी विचारलं.

"थोरपण उरते," साहेब म्हणाले.

एक जुलै १९८० रोजी शाळेपुढे मांडव पडला. पंचायत समितीचे सभापती मारोतराव अध्यक्ष. भाषण स्पर्धेसाठी साहेबांनी ऑफिसातून छापील मजकूर पाठवला होता. त्यात नावाच्या जागी रेघ होती. पहिलं भाषण आता पाचवीत गेलेल्या कुंतीचं होतं. ती उभी राहिली. "थोर यांचा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. ते लहानपणापासून हुशार होते. ते..." आणि तिला पुढचं आठवेना.

"घाबरू नको, बेटा," मारोतराव प्रेमाने म्हणाले. "त्यायच्याबद्दल तुले जे माहीत आहे ते सांग."

कुंतीला पुष्कळ माहीत होतं. तिने पदरापासून सुरुवात केली. गंजभर भातापाशी बाया हसू लागल्या. ओटीत हातोडा पडला, तेव्हा मारोतराव डोळे पुसत खुर्चीचा हात धरून हसत होते. पोरं खालून "मार! मार!" ओरडत होती. गोष्ट संपली, टाळ्या थांबेनात. मग मारोतरावांची नजर तसबिरीवर गेली, आपण अध्यक्ष आहोत हे त्यांना आठवलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"पन फोटोत तं पुस्तक आहे," ते रहांगडाल्यांना म्हणाले. "हे तं थोर पुरुषाची बदनामी होऊन राहिली."

आठवड्यात बाईंना नोटीस आली. 'आपण एका थोर पुरुषास लुगडे नेसविल्याचे निदर्शनास आले आहे. आपली बदली सालेकसाच्या जंगलभागात का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा.' बाईंचं घर, सासूचं दुखणं, सगळं सानगडीत होतं. त्यांनी खुलाशाला सायक्लोस्टाइलचं, लुगड्याच्या गोष्टीचं पान क्रमांक तीन जोडलं. ऑफिसने कळवलं की, पान तीन थोर पुरुषांच्या फाइलीत आढळत नाही, सबब ते अस्तित्वात नाही.

चौकशीला तीन सदस्यांची समिती आली. बाईंचा गेल्या वर्षीचा वर्ग उभा केला. "थोर पुरुषांनी लुगडं नेसलं होतं का? खरं सांगा."

बाई फळ्याशी उभ्या होत्या, हातातल्या खडूचे दोन तुकडे झालेले. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नाही जी," अख्खा वर्ग म्हणाला. "त्यांचा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला."

मग कुंतीला पुढे बोलावलं. तिने एकदा बाईंकडे पाहिलं आणि छापील मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही अक्षर न चुकता, म्हणून दाखवला. समितीने शेरा लिहिला: 'विद्यार्थिनीची प्रगती समाधानकारक. बदनामी झाल्याचे दिसून येत नाही.' बदली टळली. बाईंना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं थोडं वाईटही वाटलं.

जीप पाळीवरून दिसेनाशी झाली, तशी कुंतीने वर्गाचं दार लोटून घेतलं. "बाई, आता जगाच्या शेवटची लढाई सांगा नं. हळूच सांगा."

बाईंनी सांगितली. दोनदा.

तसबीर मात्र चांगली उतरली होती. वरच्या ऑफिसला ती पसंत पडली, तिच्या प्रती निघाल्या आणि शाळाशाळांतून लागल्या. तुमच्याही शाळेत फळ्याच्या वर तशी एक रांग होती. तीत शेवटून दुसरा, पांढऱ्या दाढीचा, हातात पुस्तक घेतलेला, दंड जरा जास्तच भरलेले. तुम्ही त्याला फूल वाहिलंत, टाळ्या वाजवल्यात आणि त्यांच्या मार्गाने चालण्याचा निर्धारही केलात. भाषणात तर तुमचा दुसरा नंबर आला होता.

नाव आठवतं का?