चिंबोरीची ओटी

चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, उलटी केली की मी एका नजरेत सांगते, नर की मादी! पोटावरची झडप निमुळती असली तर नर, रुंद असली तर मादी. रत्नागिरीच्या खाडीकाठी वाढलेय मी, इथे शहरात, जेसल पार्कात नुसती राहायला आलेय.

तर झालं काय, आमची सून मिनल पोटुशी. पोरीला अन्नाचा वास सहन होईना, गाल पार बसले. तिला आई नाही, म्हणजे डोहाळे मीच पुरवायचे. पण ती मागेल तर ना! माझा जीव टांगणीला लागला होता. परवा सकाळी हळूच म्हणाली, "आई, चिंबोरीचं कालवण खावंसं वाटतंय."

मी तशीच उत्तनच्या मासळी बाजारात पळाले! एकच मिळाली, पण परातीएवढी. घरी आणून उलटी केली आणि हात थांबला. झडप रुंद, खाली पिवळसर गोळा. अंडी! घरात पोटुशी बाई असताना अंड्यांवरची चिंबोरी आमच्यात मारत नाहीत.

"हिला खाडीत सोडावं लागेल गं," मी म्हटलं.

"सोडा आई. माझ्यासारखीच आहे बिचारी."

तिचे डोळे भरले, माझेही भरले. आता अशा बाईला रिकाम्या हाताने कशी पाठवायची? म्हटलं, ओटी भरू!

शेजारच्या ममताबेन मासळीच्या वासाने खिडकी लावून घेतात, पण त्याही नारळ घेऊन आल्या. "भाभी, माँ है, खाली हाथ नहीं भेजते!" खालच्या गिरिजावहिनींनी हिरवा खण आणला. टबात बसवून चिंबोरीच्या पाठीला हळदकुंकू लावलं. नांग्या बांधलेल्या होत्या म्हणून, नाहीतर वहिनींचं बोट गेलंच होतं!

"आई, पाळणा पण म्हणणार काय?" आमचा साईराज, मिनलचा नवरा, दारातून म्हणाला.

"तू गप रे!"

तेवढ्यात गिरिजावहिनींची समिधा आली. ती कॉलेजात समुद्री जीव शिकतेय. तिने चिंबोरी उलटी केली, नीट पाहिली.

"काकू, हा नर आहे."

"अगं, झडप बघ!"

"तीच तर गंमत! ही अंडी नाहीत, परजीवी आहे. दुसराच जीव. नराच्या अंगात मुळांसारखा पसरतो, मग नराची झडपही रुंद होते. आणि हा बिचारा त्याला स्वतःची अंडी समजून साफ करत बसतो, जपतो."

ममताबेननी जोडलेले हात तसेच राहिले. "मतलब... ये भाईसाब हैं?"

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. मी मिनलच्या कानात म्हटलं, "मग... कालवण करू?"

"नको आई. दुसऱ्याचं असून आपलं म्हणून जपतोय. त्याला कसं खायचं?" असं म्हणून तिने माझा हात जो धरला, तो सोडलाच नाही. मला फार भरून आलं.

"खाडीत नका सोडू, दुसऱ्या चिंबोऱ्यांनाही लागण होईल," समिधा म्हणाली. "मी कॉलेजच्या टाकीत ठेवते." आणि भाईसाहेब हळदकुंकू लावून, खणासकट रिक्षात बसले!

ते पाहून मिनल हसली, पोट धरधरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "आई, भूक लागली! ममताबेनकडे काय शिजतंय? वास मस्त येतोय."

खिचडी! बिनकांद्याची, बिनलसणाची! पोरीने दोन ताटं संपवली. माझं वाटण फ्रिजमध्ये पडलंय, आणि मी, रत्नागिरीची, रोज ममताबेनकडे खिचडी शिकायला जातेय. काल करपली.