चिटणिसांची मान

वकील संघाच्या सभेत ठराव मांडला तो चिटणिसांनीच. उच्च न्यायालयाचं खंडपीठ आपल्या गावाला मिळेपर्यंत इथला एकही वकील राजधानीतल्या न्यायालयाची पायरी चढणार नाही. टाळ्या कडाडल्या. अध्यक्षांनी पाठ थोपटली. सोमवारपासून गावातल्या न्यायालयाच्या फाटकाशी मांडव घालून धरणं धरायचं ठरलं, आणि चिटणीस घरी आले ते हवेत तरंगतच.

जेवताना बायकोनं विचारलं, "सोमवारी हायकोर्टात आईच्या घराची तारीख आहे ना? कोण जाणार?"

चिटणिसांचा हात ताटातच राहिला. ज्या घरात सासूबाईंची सगळी हयात गेली, ते रिकामं करून घ्यायला घरमालक टपून बसला होता. स्थगिती सोमवारपर्यंतच होती, आणि ती मिळवली होती चिटणिसांनीच. गावातल्या दुसऱ्या वकिलाला पाठवावं, तर तोही ठरावानं बांधलेला. राजधानीतल्या ओळखीच्या वकिलाला फोन लावला, तो परगावी लग्नाला गेलेला. मग चिटणिसांनी बायकोला तत्त्व म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं खंडपीठ यायचं तेव्हा येईल," ती म्हणाली. "आईचं घर मंगळवारी जाईल. मग आई इथे राहायला येईल."

या शेवटच्या मुद्द्यावर चिटणिसांनी गाडीचं तिकीट काढलं.

रविवारी त्यांनी अध्यक्षांना फोन करून सांगितलं की मान धरलीय, सोमवारी मांडवात बसता येणार नाही. मानच का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तोंडात आली ती बोलून गेले. पण अध्यक्ष होते मायाळू, आणि तिथेच घोटाळा झाला. थोड्याच वेळात ते स्वतःचा जुना मानेचा पट्टा घेऊन दारात हजर. ट्रंकेचं झाकण दाबून बसवावं तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी चिटणिसांच्या गळ्यात बसवला, आराम करा म्हणाले आणि चहा न घेताच निघून गेले.

ते गेल्यावर पट्टा निघेना. बायकोनं तेल सोडून पाहिलं, सुरीचं टोक घालून पाहिलं. सुरी दुसऱ्यांदा जवळ आली तेव्हा चिटणीस म्हणाले, राहू दे, गाडीची वेळ झाली.

गाडीत खाली बघता येत नव्हतं, म्हणून कागद डोळ्यांसमोर धरून वाचावे लागले. शेजारच्या प्रवाशानंही ते अर्धेअधिक वाचून काढले आणि घरमालकाचंच बरोबर आहे असं मत दिलं.

दुसऱ्या दिवशी वकिलीचा पांढरा बँड पट्ट्यावरूनच बांधून चिटणीस न्यायालयात उभे राहिले. न्यायमूर्तींनी त्यांना बराच वेळ न्याहाळलं.

"तुमच्या गावात बहिष्कार आहे ना?"

चिटणिसांना मान डोलावता येईना आणि हलवताही येईना.

"आहे, मिलॉर्ड. पण पक्षकार माझ्या सासूबाई आहेत."

न्यायमूर्तींनी पेन उचललं. घरमालकाच्या वकिलाचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं, पण फारसं मन लावून नाही. स्थगिती पुढे चालू राहिली.

बाहेर येऊन चिटणिसांनी खुशीत घरी फोन लावला. बायकोला आनंद झाला, पण आवाज पडलेला होता. त्या न्यायालयाचं कामकाज हल्ली घरबसल्या बघता येतं. आपल्या गावचा एकही वकील तिथे नाही हे पत्रकारांना दाखवावं, म्हणून अध्यक्षांनी मांडवात मोठा पडदा लावला होता.

"सगळ्यांनी बघितलं तुम्हांला," ती म्हणाली. "पट्ट्यासकट."

परतीच्या गाडीत चिटणिसांनी मनातल्या मनात राजीनामा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. मंगळवारी गावच्या स्टेशनावर अध्यक्ष चार वकील घेऊन उभे दिसले, तेव्हा ते डब्यातून सगळ्यांत शेवटी उतरले. इतकी वर्षं कमावलेली अब्रू आता फलाटावर जाणार, असं ते धरूनच चालले होते.

अध्यक्षांनी पुढे होऊन त्यांना मिठी मारली. पडद्यावर चिटणीस दिसताच मांडवातल्या पत्रकारांच्या माना अध्यक्षांकडे वळल्या होत्या, आणि अध्यक्षांनी त्यांना सांगून टाकलं होतं, "बघा. ज्याची मान वळत नाही, त्याला एका तारखेसाठी दिवसभराचा प्रवास करावा लागतो. आणखी कुठला पुरावा हवाय तुम्हांला?" सगळ्या वर्तमानपत्रांनी ते छापलं. खंडपीठाच्या मागणीची एवढी दखल आजवर कधी घेतली गेली नव्हती. लगोलग ठरावाला दुरुस्तीही झाली: आजारी वकिलांना बहिष्कारातून सूट.

पट्टा बघतो म्हणून अध्यक्षांनी चिटणिसांना खांबाआड नेलं. मागचा बारीक खटका अंगठ्यानं दाबला, तसा पट्टा टपकन सुटला.

"गुरुवारी माझी तारीख आहे तिथे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मान तुम्ही वापरलीत. मी काय सांगू?"

चिटणिसांनी कितीतरी वेळानं मान मोकळी फिरवली आणि क्षणभर विचार केला. "कंबर सांगा. एक्स-रेत काही दिसत नाही."

अध्यक्षांनी सुस्कारा सोडला.

"कंबर सकाळीच खजिनदारांनी घेतली."