मेश्राम सिस्टरचा हिवाळी वॉर्ड

मेश्राम सिस्टर झाडाचं पान बघत नाहीत, कळी बघत नाहीत. वाकतात, कुंडीच्या बुडाला पालथा हात टेकवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "थंडी पडली. घ्या आत."

कोजागिरी झाली, की यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातल्या आमच्या गल्लीत हे सुरू होतं. सिस्टर राळेगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स होत्या. जन्मभर बाळंतपणं केली. आता निवृत्त आहेत, एकट्याच राहतात, पण ड्युटी काही सुटलेली नाही. पेशंट तेवढे बदलले. अंगणातले झेंडू, शेवंती, गुलाब म्हणजे ओपीडी. जास्वंद, अबोली ही नाजूक मंडळी संक्रांतीपर्यंत घरात भरती. सोफ्यावर कुंड्या, दिवाणावर कुंड्या आणि माणसाला बसायला एक स्टूल. तेही दाराशी, कारण "पेशंटले बाहेरची हवा लागते". ती बाहेरची हवा म्हणजे आपण, हे कळायला मला दोन हिवाळे लागले.

एकदा मी शहाणपणा शिकवायला गेलो. म्हटलं, शेवंती तर थंडीचंच फूल, तिला कशाला जुन्या लुगड्यात गुंडाळता? त्या म्हणाल्या, "थंडीत जलमलेल्या लेकराले थंडी वाजत नाही का?" मी लुगड्याचं दुसरं टोक धरलं. अजूनही धरतो.

जास्वंदीवर त्यांचा विशेष जीव. तिची फांदी त्या उपकेंद्राच्या आवारातून आणलेली. तिच्या उशाशी जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लागतो, एलईडी चालत नाही. "उजेड पडते हो, ऊब नाही पडत." त्या बल्बसाठी मी यवतमाळची बाजारपेठ पालथी घातली. दुकानदार कशाला पाहिजे विचारायचे. जास्वंदीला म्हणून कसं सांगणार? कोंबडीच्या पिलांना, असं सांगून मोकळा व्हायचो.

आणि रोज सकाळी सहाला त्यांचा फोन. "पारा उतरून राह्यला. तुमच्याकडे कसं हाय?" अहो, दोन घरांत भिंत एक, पारा वेगळा कुठून येणार? पण त्यांचा आवाज असा कापरा असायचा, की मी चांगला धडधाकट माणूस पांघरुणातून उठून अंगणात जायचो. दव दिसलं, की मीही वाकून त्यांच्या शेवंतीचं लुगडं सारखं करायचो. सर्दीसारखी भीतीही शेजाऱ्याची शेजाऱ्याला लागते.

यंदा मार्गशीर्षात थंडीची लाट येणार म्हणून बातमी आली. संध्याकाळी सिस्टर दारात हजर. अंगणातले गुलाब आत घ्यायचे होते आणि त्या कुंड्या एकटीला उचलण्यासारख्या नव्हत्या. माझी कंबर धरलेली, त्यात डोकंही तापलेलं. म्हटलं, एखादं झाड मेलं तर नवं आणू, जगबुडी नाही होत.

त्यांनी उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला. मग म्हणाल्या, "नवं भेटते हो. तेच नाही भेटत." जरा थांबून हळूच सांगितलं, "एका पहाटे मी पाय पाहाले उशीर केलता. लेकरू गेलं."

तान्ह्या बाळाचे तळपाय थंड पडले का, तेही असंच पालथ्या हाताने पाहतात, हे मला तेव्हा कळलं. लाज वाटली. पण खोटं कशाला बोलू, मी उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले, फोन आला नाही. सव्वासहा झाले. मीच लावला. भिंतीपलीकडे वाजताना ऐकू येत होता, उचलत कोणी नव्हतं. तसाच अनवाणी धावलो.

दार नुसतं लोटलेलं. गुलाबाच्या सगळ्या कुंड्या आत आलेल्या, एकही बाहेर नाही. घरातलं एकुलतं एक ब्लँकेट जास्वंदीभोवती. आणि सिस्टर दाराजवळच्या त्या स्टुलावर, भिंतीला डोकं टेकून, पाय उघड्या फरशीवर. दोनदा हाक मारली. हालल्या नाहीत. नाकाशी हात न्यायचं धाडस होईना. शेवटी खाली बसलो आणि तळपायाला पालथा हात लावला. फरशीपेक्षा थंड.

"किती थंडे हायेत?" डोळे मिटलेलेच होते.

कसाबसा म्हणालो, "खूप."

"मंग पाहून काय राह्यले? गुंडाळा."

मी ब्लँकेटकडे हात नेला. "तिचं नका काढू," त्या म्हणाल्या. मग मी अंगातला स्वेटर काढला आणि बाह्यांची गाठ मारून दोन्ही पाय गुंडाळले. त्या बराच वेळ माझी ती गाठ बघत राहिल्या.

"चाळीस वर्सं लोकायच्या लेकरायचे पाय पाह्यले," त्या म्हणाल्या. "माह्ये आजच कोनी पाह्यले."

जास्वंदीची पानं गळाली, पण ती जगली. गुलाबांना काही झालं नाही. माझी कंबर मात्र आता रोज संध्याकाळी कुंड्या उचलते आणि तक्रार करत नाही.

सकाळी सहाचा फोन हल्ली मी करतो. त्या उचलेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. मी काही विचारायच्या आत पलीकडून आवाज येतो, "पाय गरम हायेत. ठेवा आता."