अण्णांचा घरगुती पत्ता

शेजारचे अण्णा राउटरशी कानडीत गोडीगुलाबीनं बोलतात आणि त्यानं ऐकलं नाही की मराठीत शिव्या घालतात. आमच्या सर्जापूर रोडवरच्या इमारतीच्या भिंती अशा, की दोन्ही भाषा मला स्वयंपाकघरात ऐकू येतात.

अण्णा सरकारी कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर. म्हणजे सगळं येतं, असा समज. फोटो ऑनलाइन ठेवून साध्या लिंकनं पाठवा म्हटलं तर म्हणतात, "आपले कपडे दुसऱ्याच्या कपाटात कशाला?" म्हणून देवघराशेजारच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केलेला. कॅनडातल्या मुलानं, रघूनं, त्यातून घरचे फोटो उतरवून घ्यायचे.

तो कधीच घेऊ शकत नसे. दर रविवारी सकाळी फोन. "लॉगिन झालास? मग फाइल का येत नाही? दारापर्यंत येतोस, पानावर का बसत नाहीस रे?" मग फ्रिजवर संशय, लिफ्टवर संशय. मधेच "जेवलास काय?", "त्या गुडघ्याला तेल लाव." पुन्हा राउटर बंद-चालू. फोटो इथेच. या प्रकाराला अण्णा टेस्टिंग म्हणतात.

महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात मी दिवसभर नेटवर्कची असलीच दुखणी निस्तरते. एका रविवारी राहवेना. गेले आणि म्हटलं, "अण्णा, सरका."

"स्वल्प सावकाश, अक्का." मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी अक्काच.

दुखणं फडतूस होतं. राउटर घरातल्या यंत्रांना घरापुरते पत्ते देतो. बाहेरच्या जगाला त्यांचा उपयोग नाही. अण्णांचा सर्व्हर रघूला 'फाइल घ्यायला ये' म्हणायचा आणि पत्ता द्यायचा घरातला. म्हणजे कॅनडातल्या माणसाला 'देवघराशेजारची खोली' एवढंच सांगायचं! मी बाहेरचा पत्ता घातला, राउटरमध्ये वाट मोकळी केली. फोटो गेले. अण्णांनी "सरी", म्हणजे ठीक, एवढंच म्हटलं. आभार नाहीत.

पुढच्या रविवारी पलीकडे शांतता. थोड्याच वेळात अण्णा माझ्या दारात.

"ते स्वल्प आधीसारखं करून द्या, अक्का. राउटरचा दिवा फार लुकलुकतोय."

"दिवा लुकलुकायलाच असतो. फोटो जातात ना?"

"जातात की. एकदम जातात." चष्मा पुसत म्हणाले, "रघू 'मिळाले, अण्णा' म्हणतो आणि फोन ठेवतो."

चालतं यंत्र बिघडवायचं काम मी नोकरीत कधी केलं नाही. वर हा अडाणीपणा मला सहनही होत नाही. तरी गेले, बसले आणि तो घरगुती पत्ता पुन्हा घातला.

"कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका," मी बजावलं.

आता रविवारी पुन्हा भिंतीपलीकडून आरडाओरडा सुरू असतो. "दारापर्यंत आलास ना? थांब, फ्रिज बंद करतो. तोवर गुडघ्याचं सांग."

मी तोवर मिक्सर लावत नाही. त्या आवाजात त्यांना ऐकू येत नाही.