खोल्यांच्या किल्ल्याची फत्ते

पुळ्याचा गजानन साक्ष. रत्नागिरीं मयेकरांचे घरीं ब्राउझराचे मैदानांत जें थोर रण माजलें, तें जैसें घडलें तैसें, मीठमसाला बेताचाच घालोन, लिहिलें असे.

राजश्री आत्मारामबावा मयेकर, निवृत्त खलाशी, यांचे हृदयाचें शस्त्रकर्म नुकतेंच जाहलें, घरांत कन्या अक्षयाबाईंवांचून दुसरें माणूस नाहीं, आणि बाई घरीं बसोन मुंबईच्या कंपनीची चाकरी करीत. तों कंपनीचे सरदार सर्वेशराव यांचा हुकूम सादर जाहला कीं, गणपतीपुळ्याच्या लॉजांची एक्सएमएल फाइल पाठविली आहे, तींतून समुद्राकडील खोल्या निवडणारा प्रश्न, ज्यास क्वेरी म्हणतात, सायंकाळपर्यंत ब्राउझरांत चालवून दाखवावा; न चालल्यास सोमवारपासोन मुंबईचे कचेरींत जातीनें हजर व्हावें. बाईंनीं हुकूम बावांस वाचोन दाखविला. बावांनीं मात्र फर्माविलें, "तू जा गो. माझा काय, मी र्‍हान पेज खावन."

मग बाईंनीं कंबर कसली, ब्राउझरास आज्ञा देण्याची जागा जो कन्सोल, त्याची खिंड धरली, आणि दोन तिरक्या रेघा पुढें घालोन "खोली" ऐसी ललकारी दिली. जबाब शून्य. मग कंस बदलिले, आणि अवतरणचिन्हें फिरविलीं, आणि ब्राउझर बंद करोन पुन्हा उघडिला, आणि बिचाऱ्या राउटरास निष्कारण चापट्या दिल्या; तरी शून्य. खोल्या फाइलींत डोळ्यांस ढळढळीत दिसत आणि हांकेस एक ओ देईना, तेव्हां बाई रडकुंडीस आल्या.

इतक्यांत अंगणाच्या दगडी गडग्याबाहेरून कुरियरवाला "आत्माराम! आत्माराम!" म्हणोन ओरडूं लागला, आणि बावा पडवींत बसोन ढिम्म. बाई संतापोन म्हणाल्या, "बाबा, ओ द्या ना!" बावांचा जबाब आला, "वाडीत आत्माराम तीन. आडनाव सांगूं दे, मग बगू."

बाई पार्सल घेवोन परतल्या, आणि फाइलीचे पहिले ओळीकडे नजर जातांच कपाळास हात लाविला. तेथें समस्त खोल्यांचें कुळ, म्हणजे जणू आडनांवच, ज्यास संगणकी लोक नेमस्पेस म्हणतात, उघड जाहीर होतें, आणि बाई सकाळपासोन कुळाविना नुसत्या नांवानें हांका मारीत होत्या! मग त्यांनीं कुळाची ओळख सांगणारा वकील, म्हणजे चार ओळींचें फंक्शन, पुढें धाडिला, आणि कुळासहित पुन्हा ललकारी दिली, तों समुद्राकडील यच्चयावत् खोल्या रांगेनें हजर!

सर्वेशरावांनीं पाहोन लिहिलें कीं, रत्नागिरीसच राहावें. बाईंस हर्ष मावेना.  कन्येनें भीतीपोटीं दुपारींच भरोन ठेविलेली बॅग बावांनीं खाटेवर रिकामी केली, तींत अंगणांतल्या काजूबिया गच्च भरिल्या, आणि शेजारच्या केरूकरवीं माळ्यावर रवाना केली. येणेंप्रमाणें किल्ला फत्ते, मुंबईची स्वारी रद्द, आणि बॅग जप्त जाहली, ऐसें नमूद असे.